कारवानी पिल्लू राखणीला लावताना

कारवानी म्हणजे आपल्याकडचा सडपातळ, पळणारा शिकारी कुत्रा. त्याचे पाय दहाव्या महिन्यात तयार दिसायला लागतात. अक्कल यायला अठरावा-विसावा उजाडतो. बहुतेक पिल्लं वाया जातात ती मधल्या या आठ-दहा महिन्यांत. एखादं कठडा नसलेल्या विहिरीत पडतं, एखादं काटेरी तारेत फाटतं, एखादं शेजाऱ्याची शेळी धरतं आणि मग जन्मभर साखळीला बसतं. आमची कारवानी कुत्री हरणी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आली तेव्हा ५६ दिवसांची होती, आज २२ महिन्यांची आहे. तिच्याआधी इथे दोन कारवानी झाले. त्यांच्या वेळच्या चुका हिच्या वेळी टाळल्या, दोन-तीन नव्या केल्या. हे सगळं लिहितोय ते लातूर जिल्ह्यातल्या चाकूर-अहमदपूरकडच्या काळ्या रानाच्या हिशेबाने. कोकणात किंवा घाटमाथ्यावर यातलं बरंच बदलेल.

आधी काम काय ते सांगतो, कारण कारवानी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ससा आणि हरीण येतं. पाच एकर रान, अठरा उस्मानाबादी शेळ्या, तीसेक गावरान कोंबड्या. त्रास कोल्ह्याचा, कधी खोकडाचा (कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचं जनावर), कोंबड्यांना रानमांजराचा आणि मुंगसाचा. सगळ्यात जास्त त्रास गावच्या मोकाट कुत्र्यांचा, पण तो कुणी मोजत नाही. कुत्र्याने करायचं एवढंच: बांधाच्या आत फिरायचं, कुणी आलं की भुंकायचं, माणूस येईपर्यंत शेळ्या आणि पाहुणा यांच्या मध्ये उभं राहायचं. पाठलाग नाही, धरपकड नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. कुत्रं मागे लावून पळवणं आणि हाकून काढणंही तिच्यात येतं. २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, कोल्हा आणि खोकड दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यामुळे "कोल्ह्यावर सोडायला कुत्रा हवाय" म्हणणाऱ्याने कारवानी घेऊ नये.

इंग्लंड-आयर्लंडकडे ग्रेहाउंडचा संकर करून लर्चर नावाचे कुत्रे काढतात, कोल्ह्यासाठी त्यात डीअरहाउंडचं किंवा बुलडॉगवर्गीय रक्त घालतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००५च्या फेब्रुवारीपासून कुत्र्यांनी कोल्हा धरण्यावर बंदी आहे. दोनपर्यंत कुत्री लावून कोल्हा आडोशातून उठवायचा आणि लगेच गोळी घालायची, एवढीच सवलत तीही अटींवर उरली आहे. पण त्या लोकांचा एक जुना नियम आमच्या कामाला जशाच्या तसा लागतो: पंधरा ते अठरा महिन्यांच्या आत कोरं कुत्रं कोल्ह्यासमोर न्यायचं नाही. दहाव्या महिन्यात तोंडावर चावा बसला की एक तर ते कायमचं कच खातं, नाहीतर कायमचं पिसाळल्यासारखं अंगावर जातं. राखणीला दोन्ही निकामी.

पिल्लू बघायला चाकूर तालुक्यात जानवळकडे लोक जातात, कर्नाटकात मुधोळला जातात. इकडचा कारवानी आणि तिकडचा मुधोळ यांतला फरक मुख्यतः नावाचा. लांब केसांच्या वाणाला पशमी म्हणतात. सराट्याच्या रानात पशमीचे कान आणि शेपूट विंचरण्यात माणसाचा अर्धा दिवस जातो, म्हणून इथे आखूड केसांचाच घेतला. पिल्लापेक्षा आई बघा. आई खाटेखाली आहे की साखळीला? अनोळखी माणूस आल्यावर ती दूर राहून भुंकते, की थेट पिंडरीला येते, की शेपूट घालून ज्वारीत शिरते? दूर राहून भुंकणारी आई हवी. कारवानीला परक्याने अंगाला हात लावलेला मुळातच आवडत नाही, तेव्हा पिल्लू कुशीत आलं नाही म्हणून नाकारू नका. खाली वाटी पाडा. दचकून मागे जाणारं आणि मग दहा सेकंदांत वास घ्यायला पुढे येणारं पिल्लू घ्या. न दचकणाऱ्या पिल्लाचं कौतुक होतं, पण ते बहुधा पुढे ऐकतही नाही. ५६ दिवसांच्या आत उचलू नका. चाळिसाव्या दिवशी आणलेलं पिल्लू चावण्याचं माप शिकलेलं नसतं. ते त्याला भावंडंच शिकवतात.

खाण्यात सर्वांत जास्त घोळ होतो. भाकरी आणि ताक यावर मोठा कुत्रा निभावून जातो, वाढतं पिल्लू नाही. हरणी चार-पाच महिन्यांची, बारा किलोची होती तेव्हाचं दिवसाचं खाणं असं: ज्वारीच्या दोन भाकरी ताकात कुस्करून, दोन उकडलेली अंडी, पाव किलोच्या आत-बाहेर उकडलेलं कोंबडीचं मांस आणि कलेजी-पेटा, अर्धा लिटर दूध. मांस बिनहाडाचं असल्यामुळे चुन्याची कमतरता पडते. ती भरायला अंड्याची टरफलं तव्यावर भाजून पाट्यावर पीठ करायची आणि सपाट एक चहाचा चमचा रोज. त्यातून दोन ग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम मिळतं. याच्या वर टॉनिकच्या बाटल्या ओतू नयेत. पाय फाकले की लोक कॅल्शियम दुप्पट करतात, पण जादा कॅल्शियमनेही हाडं बिघडतात. बारा आठवड्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. शिजवलेली हाडं नाहीत, कांद्याचं कालवण नाही. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नाहीत, कुत्र्याची किडनी बंद पडते. सोलापूर-सांगलीकडे बेदाण्याच्या शेडवर पिल्लू पाळणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

शेवटच्या तीन फासळ्या दिसल्या पाहिजेत, कंबर आत गेलेली हवी. पाठीच्या मणक्याचे दात दिसले तर कमी पडतंय. "कुत्र्याला खायला घालता की नाही?" असं येणारा-जाणारा विचारतो, तेव्हा कारवानीचं वजन बरोबर आहे असं समजावं.

लस आणि जंताचं औषध यात उधारी नाही. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी, वजन करूनच. पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. डिस्टेंपर आणि रेबीज कुत्र्याकडून कोल्ह्याला जातात आणि कोल्ह्याकडून परत येतात, म्हणून रानात राहणाऱ्या कुत्र्याला लस चुकवणं म्हणजे दोन्हीकडचा बंदोबस्त मोडणं. गोचिडांसाठी जनावरांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळायची पद्धत आहे, तिने कुत्री मरतात. एक गोष्ट डॉक्टरला आपण होऊन सांगायची: हा कारवानी आहे, चरबी नाही, भूल जपून. थायोपेंटोनसारखी जुनी भूल ग्रेहाउंडवर्गीय कुत्र्यांना लवकर उतरत नाही.

आता शिकवणं. पहिल्या वर्षात एक शब्द आखाड्यावर बंद करायचा: "छू". पोरं, सालगडी, पाव्हणे, सगळ्यांना ताकीद. पळत्या गोष्टीमागे जायला कारवानीला शिकवणी लागत नाही, हजारेक पिढ्यांची झालेली असते. आपण "छू" म्हणालो की ते आपल्या परवानगीने होतं, एवढाच फरक पडतो, आणि ती परवानगी नंतर परत घेता येत नाही.

पहिली शिकवण शिट्टीची. पीटीच्या मास्तरांकडे असते ती वाटाण्याची शिट्टी, दोन आखूड फुंका. माणसाचा आवाज घाबरला की बदलतो, शिट्टी बदलत नाही. पहिले तीन आठवडे रोज आठ-दहा वेळा, पिल्लू आपल्याकडे येतच असताना फुंकायची आणि हरभऱ्याएवढा उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा. तोपर्यंत शिट्टी म्हणजे "ये" नसते, शिट्टी म्हणजे "कलेजी". चौथ्या आठवड्यापासून पाठमोरं असताना. तिसऱ्या महिन्याच्या शेवटापासून दहा मीटरच्या नायलॉनच्या कासऱ्यावर, कासऱ्याच्या शेवटी गाठ नाही, फास नाही, नाहीतर तुरीच्या खुंटात अडकतो. कारवानीचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा कानावरून सटकतो. म्हणून दोन इंच रुंद पट्टा, आणि कासरा मात्र छातीच्या पट्ट्याला. हे कुत्रं तीन ढांगांत वेगात येतं आणि कासऱ्याच्या शेवटाला मानेने झटका खाल्ला तर मणक्यावर बेततं.

शिट्टी कधी फुंकायची हे शिकायला माणसालाच वर्ष लागतं. हरणीला काही दिसलं की आधी कान उभे होऊन आत वळतात, मग मान लांब होते, शेपटीचा आकडा सरळ होतो, पुढचा एक पाय उचललेला राहतो. कान उठले ते पाय उचलला इथपर्यंत एक, फार तर दोन सेकंद. या दोन सेकंदांत शिट्टी लागते. पाय टेकून ती सुटली की तिला काही ऐकू येत नाही असं समजा. तेव्हा गप्प बसा. सुटलेल्या कुत्र्यामागे दहा वेळा शिट्टी फुंकली की कुत्रं शिकतं, शिट्टी म्हणजे मागून येणारा निरर्थक आवाज. आधीच्या कुत्र्याची शिट्टी आम्ही अशीच एका हरभऱ्याच्या हंगामात मोडली, मग पुढची चार वर्षं त्याला हाताने धरून आणावं लागलं. सुटून गेलेलं कुत्रं स्वतःहून परत आलं तर मारायचं नाही, रागवायचं नाही, पट्टा घालून पाणी पाजायचं. मार बसतो तो परत येण्याबद्दल, जाण्याबद्दल नाही, कुत्र्याच्या हिशेबात.

दुसरी शिकवण बांधाची, आणि खरं काम हेच. तिसऱ्या महिन्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ पूर्ण धुऱ्याने एक फेरी, त्याच दिशेने, कासऱ्यावर. सिमेंटच्या पिशव्यांच्या पांढऱ्या पट्ट्या काठ्यांना बांधून दर पंधरा पावलांवर रोवल्या. पट्टीशी आलं की आपण थांबायचं, वळायचं, पिल्लू आपल्याबरोबर वळलं की तुकडा. ओढून वळवायचं नाही, थांबून वाट बघायची. पहिल्या दिवशी एका पट्टीशी चार मिनिटं उभं राहावं लागतं, दोन आठवड्यांत ते आधीच वळतं. फेऱ्यांच्या आठव्या आठवड्यापासून एकाआड एक पट्टी काढली. पाचव्या महिन्याच्या शेवटाला चार कोपऱ्यांवरच्या उरल्या. मग कासरा जमिनीवर घसटत सोडून, आणि मग बांधापलीकडे मुद्दाम कुणीतरी चालत जाऊन. या शेवटच्या पायरीची घाई झाली तर आधीचं सगळं पाण्यात. आमच्याकडे एकदा पलीकडच्या रानात कांदे काढायला बायका आल्या, त्यांच्या डब्यातली भाकरी हरणीला मिळाली आणि तीन आठवड्यांचं काम एका दुपारी गेलं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा: बांधापलीकडे तिला कुणी काही द्यायचं नाही.

पावसाळ्यात सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलं की पट्ट्या दिसत नाहीत. तेव्हा काठ्या उंच करा, किंवा फेरीची पायवाट दोन हात रुंद कापून ठेवा. पायवाट जास्त चांगली, सापही दिसतो.

शेळ्या-कोंबड्यांशी ओळख पहिल्या आठवड्यापासून. गोठ्यातच कुडाच्या पलीकडे पिल्लाची जागा, वास आणि आवाज अंगवळणी पडतो. नुकत्या व्यालेल्या शेळीजवळ एकदा पिल्लू गेलं आणि शेळीने धडक दिली, तर मध्ये पडू नका. मोठ्या शिंगाळ बोकडाजवळ मात्र नेऊ नका, फासळी मोडेल. तीन महिन्यांच्या हरणीच्या पाठीवर कोंबड्या बसायच्या. लोकांनी फोटो काढले. सहाव्या महिन्यात तिनेच एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, धरली.

हे व्हायचंच असतं. कोंबडी तीच, पिल्लू तेच, पण पाचव्या ते आठव्या महिन्यात पळतं ते पकडायची ओढ एकदम उठते. "बिघडली" म्हणून साखळी घालू नका आणि मेलेली कोंबडी गळ्यात बांधायचा गावठी उपाय तर करूच नका. त्याने कुत्रं कोंबडीचा वास ओढाळपणे शिकतं आणि मान सडते. परत कासरा. रोज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जातात त्या पंधरा मिनिटांत कुत्र्याला शेजारी बसवायचं, कोंबडी फडफडली आणि कुत्र्याने आपल्याकडे बघितलं की तुकडा. कोंबडीकडे बघितलं तर काही नाही, कासरा आखूड. सहा-सात आठवडे लागले.

त्याच सुमारास थांबायचं शिकवायला एक सोपी वस्तू: पाच फुटी काठी, तीन मीटर दोरी, टोकाला चिंधी. चिंधी जमिनीवर फिरवायची, मध्येच मेल्यासारखी टाकायची, कुत्रं थांबून आपल्याकडे बघितलं की पुन्हा फिरवायची. ज्याला थांबता येतं त्यालाच पुढचा डाव मिळतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, मऊ नांगरटीवर, गर्रकन वळणं न देता. हाडांच्या टोकांची वाढ पंधराव्या-अठराव्या महिन्यापर्यंत चालू असते. मोटरसायकलमागे डांबरी रस्त्यावर पळवायची हौस याच वयात उसळते. तिने पुढच्या पायाची मनगटं जातात आणि तळव्यांची साल निघते. पंधरा महिन्यांपर्यंत पळणं स्वतःच्या मर्जीचं, दमलं की बसायचं.

काळ्या रानाची एक खोड वेगळी सांगायला हवी. मार्च संपला की जमिनीला भेगा पडतात, एप्रिलमध्ये त्यात हाताचं कोपर जातं. माणूस बघून पाऊल टाकतो. कारवानी पूर्ण वेगात असतो तेव्हा त्याची नजर शंभर मीटर पुढे असते. पाय भेगेत गेला की हाड पेन्सिलीसारखं मोडतं. म्हणून गुढीपाडव्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत मोकळं पळणं फक्त गाडीवाटेवर किंवा नांगरलेल्या पट्टीत, आणि तेही पहाटे साडेपाच ते सात. सातनंतर तळहात मातीवर ठेवून बघायचा, सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नाही. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल झोकांडी झाली तर सावलीत आणून साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर ओतत राहायचं आणि वारा घालायचा, मग दवाखाना. नुसतं ओलं गोणपाट पांघरून ठेवलं तर उष्णता आत कोंडते.

विहिरी. आसपासच्या प्रत्येक उघड्या विहिरीला चौथ्या महिन्यात कासऱ्यावर घेऊन जायचं, काठावर थांबून वळायचं, बांधासारखंच. स्वतःच्या विहिरीला कठडा नसेल तर आधी कठडा, मग कुत्रं. काटेरी तारेला खालच्या ओळीत चिंध्या बांधा, या कुत्र्याची कातडी कागदासारखी पातळ आणि कापड फाटावं तशी फाटते. गणपतीनंतर कुसळं पिकतात, ती बोटांच्या बेचक्यात शिरून वर चढतात. रोज रात्री चारही पायांची बोटं फाकून बघणे हा नियम, दोन मिनिटांचं काम. एकदा चुकलं की पंधरा दिवस गळू.

आठव्या-नवव्या महिन्यात हरणी अचानक भित्री झाली. रोजचं बुजगावणं बघून गुरगुरायची. हेही वयाचंच. नेमकं तेव्हा शेजारच्या रानात डुकरांसाठी कार्बाईडची बंदूक वाजायला लागली. तिला अंगणात बांधून ठेवलं असतं तर आवाज तिच्या डोक्यात बसला असता. आवाज सुरू होण्याच्या वेळेआधी लांबच्या कोपऱ्यात नेऊन खायला घालायचं, दर दोन-तीन दिवसांनी वीस पावलं जवळ. महिना गेला, पण आता बंदूक वाजली की ती आमच्या हाताकडे बघते. नंतर लगेच पहिला माज आला. त्या तीन आठवड्यांत बांध, शिट्टी, काही खरं नसतं. बंद खोली आणि साखळीला धरून फेरी, एवढंच. बारा गावचे कुत्रे जमतात, त्यांच्याशी भांडायला तिला सोडायचं नाही.

"खाली पडलेलं खायचं नाही" हे मात्र या सगळ्याच्या आधी पक्कं व्हायला हवं. डुकरांसाठी रानात गावठी बाँबचे गोळे टाकतात, कुणी विष घातलेली आमिषं टाकतात. दोन्ही बेकायदा, पण कुत्र्याला कायदा वाचता येत नाही. बंद मुठीत भाकरी ठेवायची, नाक मागे घेतलं की दुसऱ्या हाताने कलेजी. मग उघड्या तळहातावर, मग जमिनीवर, मग वाटेवर आधी टाकून ठेवलेली. चार महिन्यांत जमतं आणि दर महिन्याला परीक्षा घ्यावी लागते.

रात्रीचं काम चौदाव्या महिन्यापासून. तोपर्यंत हरणी रात्री गोठ्यात. दुसरं मोठं कुत्रं असेल तर त्याच्याबरोबर सुरुवातीला सोडू नका, जोडीने कुत्र्यांचा कळप होतो आणि कळप बांध मानत नाही. एकटीला शिकवून झाल्यावर जोडी.

कारवानी ऊठसूट भुंकत नाही, हा त्याचा गुण. पण तो टिकवायचा तर ती भुंकली की माणसाने उठलंच पाहिजे. बॅटरी घेऊन जायचं, ती उभी आहे तिथे शेजारी उभं राहायचं, ती बघते तिकडे उजेड टाकायचा, "बरंय" म्हणून पाठीवर हात. दहा रात्री ती भुंकली आणि कुणी आलं नाही, तर अकराव्या रात्री ती स्वतः निकाल लावायला जाते. बांध ओलांडणारी कुत्री बहुधा अशीच तयार होतात, आणि दोष झोपणाऱ्याचा. पहिल्या महिन्यात रात्रीत चार-पाच वेळा उठावं लागलं, त्यात तीन वेळा साळिंदर किंवा शेजाऱ्याचं मांजर. रागवायचं नाही. सकाळी तिला घेऊन त्या जागेवर जायचं आणि ठसे बघायचे. कोल्ह्याचा ठसा लांबट, मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला जुळलेल्या. कुत्र्याच्या सुट्या. ओल्या मातीत हे स्वच्छ दिसतं आणि रात्री नेमकं कोण येतं ते कळतं. आमच्याकडे दहातल्या सहा वेळा ठसे गावच्या कुत्र्यांचे निघाले.

कोल्हे येतात ते बहुधा जोडीने, आणि शेळ्या विण्याच्या दिवसांत. उस्मानाबादीला जुळी करडं बरीच, त्यातलं अशक्त एखादं मागे राहतं. वासाचं मूळ म्हणजे जार, शेळी व्याल्यावर पडणारी वार. ती उकिरड्यावर फेकली तर कोल्ह्याला आवतण दिल्यासारखं. दोन फूट खड्डा, वर दगड. पहिले तीन आठवडे करडं कुडाच्या आत, कुडाला खालून जाळी एक फूट जमिनीत पुरलेली. ही दोन कामं केली की कुत्र्याचं अर्धं काम होऊन जातं, आणि ती न करता फक्त कुत्र्यावर भिस्त ठेवणाऱ्याला चांगलं कुत्रंही पुरत नाही. तरीही करडू गेलं तर वनविभागाला ४८ तासांच्या आत कळवायचं, मेलेलं करडू जागचं हलवायचं नाही, फोटो काढायचे. कोल्ह्याने मारल्याचीही भरपाई मागता येते.

हरणीची खरी पहिली गाठ सतराव्या महिन्यात पडली. पहाटे तीनच्या पुढे, तुरीच्या कडेला दोन डोळे बॅटरीत हिरवट चमकले, मागे आणखी दोन. ती कुड आणि तूर यांच्या मध्ये, कोपऱ्याच्या पांढऱ्या पट्टीपासून पाच-सहा पावलं आत, खालच्या सुरात खोल भुंकत होती. कान उठलेले, पुढचा डावा पाय उचललेला. शिट्टी तेव्हाच गेली, दोन आखूड. पाय तसाच हवेत राहिला, मग खाली आला आणि ती वळून आली. कलेजी नव्हती, रात्रीच्या भाकरीचा तुकडा दिला. कोल्हे तुरीतून निघून गेले.

दिवसाढवळ्या न घाबरता आखाड्यात येणारा कोल्हा पिसाळलेला समजायचा. कुत्रं आधी खोलीत, मग वनविभागाला फोन. लस असली तरी कुत्र्याला चावा बसल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पुन्हा इंजेक्शन. रानडुकराच्या वाटेवर तर कारवानी कधीच न्यायचा नाही, सुळ्याचा एक फटका आणि पोट उघडं. बिबट्याच्या भागात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याचं आयतं जेवण, तिथे रात्री कुत्रंही दाराच्या आत. धनगरांच्या कुत्र्यांसारखं लांडग्यापुढे उभं राहणंही कारवानीचं काम नाही, वीस-बावीस किलोच्या मादीकडून ती अपेक्षा कुणी करू नये.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. हरभरा काढल्यावर रान मोकळं होतं, ससे उघड्यावर येतात, आणि ससा पळाला की हरणीचे ते दोन सेकंद अर्ध्यावर येतात. शिट्टी पोचेपर्यंत ती बांधापलीकडे. या वर्षी तीनदा झालं. ससा तिन्ही वेळा निसटला, हे नशीब. म्हणून महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत दिवस मावळताना आणि उजाडताना ती कासऱ्यावर असते. मधल्या रात्री मोकळी, कोल्ह्यांसाठी.